किल्ली सगळ्यात शेवटी: पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांसाठी

रविवारी दुपारी कुटुंब फ्लॅट बघून जातं. आवडतो, पाच हजार टोकन हातात पडतं. टेम्पो उद्या सकाळीच येणार असतो, म्हणून घरमालक संध्याकाळीच किल्ली देऊन टाकतो. ॲग्रीमेंट काय, "या आठवड्यात करून टाकू." तो आठवडा दीड महिना चालतो. पोलिसांकडची नोंद राहून जाते, सोसायटीच्या ऑफिसातून पत्र येतं, अर्धं डिपॉझिट "पुढच्या पगाराला" म्हणून अडकतं. मग घरमालक माझ्याकडे येतो आणि विचारतो, आता काय करू?

मी पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा सचिव आहे. हा प्रसंग दर मे-जूनमध्ये दोन-तीनदा बघतो. माझा स्वतःचा जुना टू बीएचके भाड्याने असतो आणि पहिल्या वर्षी मीही नेमकं हेच केलं होतं. लोकांना नियम बऱ्यापैकी माहीत असतात, गोंधळ होतो तो क्रमाचा. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. नियम महाराष्ट्राचे आहेत. मुंबई, नाशिक, नागपूरला डिपॉझिटचा रिवाज आणि महापालिकेचा कर बदलेल, बाकी तेच. गोव्यातल्या घराला मात्र महाराष्ट्राचा भाडे कायदा लागू नाही, तिथे स्थानिक वकिलाला विचारा.

टप्पा १: कागद आणि नावं

जाहिरात टाकण्याआधी फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदणीचा सरकारी सारांश, काढून बघा. त्यावर जितकी नावं, तितके सगळे करारात मालक म्हणून हवेत. नवरा-बायकोच्या नावावर फ्लॅट आणि करारावर फक्त नवऱ्याचा अंगठा, हे आमच्याकडे सर्रास सापडतं. दुसरा प्रकार म्हणजे वडील जाऊन तीन वर्षं झाली, फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर आणि करार करतोय धाकटा मुलगा. आधी सोसायटीत भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) हस्तांतर करून घ्या, किंवा सगळ्या वारसांना करारात घ्या. वाद नसतो तेव्हा कोणी विचारत नाही, वाद झाला की पहिला प्रश्न हाच येतो.

मालकांपैकी कोणी परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) लागेल. भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेलं पत्र इथे पोचल्यावर ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यायचा असतो. हे काम भाडेकरू मिळाल्यावर सुरू केलं तर भाडेकरू थांबत नाही.

एका फाइलमध्ये ठेवा: इंडेक्स टू, चालू वीजबिल, मिळकतकराची पावती, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, सर्व मालकांचे आधार आणि पॅन.

तपासा: आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का? बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय का? लॉक असेल तर नोंदणीच्या दिवशी अंगठा लागणार नाही आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतील.

टप्पा २: घर राहण्याजोगं करणं

रंग सगळ्यात शेवटी. नवे घरमालक आधी रंग काढतात आणि मग बाथरूमची गळती निघते. बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून बघा. पोपडे किंवा ओल दिसली तर आधी प्लंबर, मग वॉटरप्रूफिंग, भिंत वाळू द्या, मग रंग. ओल्या भिंतीवर मारलेला रंग पहिल्याच पावसात सुटतो आणि भाडेकरू फोटो पाठवतो.

मग हे एकेक करून बघा. गीझर अर्धा तास चालवा. सगळे नळ एकदम सोडून खालची मोरी तुंबते का बघा. प्रत्येक प्लगमध्ये मोबाइल चार्जर लावून पाहा. वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच मीटरच्या बोर्डात नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. गीझर आणि वॉशिंग मशीन असलेल्या घरात त्यावर काटकसर नको. बाल्कनीच्या जाळीत कचरा अडकला की पाणी हॉलमध्ये येतं, तेही एक बादली ओतून तपासा.

घरात ठेवायच्या वस्तू कमीत कमी ठेवा. आजीचं शिसवी कपाट, देवघर, "नंतर घेऊन जाऊ" म्हणून माळ्यावर टाकलेल्या ट्रंका, सगळं आधी हलवा. एक खोली कुलूप लावून आपल्यासाठी राखणाऱ्यांना माझा सल्ला आहे, तसं करू नका. त्या खोलीत वाळवी लागली तरी ती तुम्हाला दिसणार नाही आणि ते कुलूप बघितलं की भाडेकरूला आपण पाहुणे आहोत असं वाटत राहतं.

टप्पा ३: भाडं आणि डिपॉझिट

संकेतस्थळावरचे आकडे मागणीचे असतात, मिळणारे नसतात. वॉचमन, इस्त्रीवाला आणि शेजारच्या विंगमधले दोन घरमालक यांच्याकडून खरा आकडा कळतो. सोसायटीच्या ऑफिसात जमा झालेले करार असतात, पण दुसऱ्याचा करार दाखवायला सचिवाला सांगू नका. मी तरी दाखवत नाही.

अडून बसण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडा. २२,००० ला आज भाडेकरू तयार आहे आणि तुम्हाला २४,००० हवेत. महिनाभर थांबलात आणि २४,००० मिळाले, तर पुढच्या १० महिन्यांचे झाले २,४०,०००. आजच दिला असता तर ११ महिन्यांचे २,४२,०००. रिकाम्या महिन्याचा मेंटेनन्स तुमच्या खिशातून गेला तो वेगळाच.

मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे पहिल्याच फोनवर सांगा. सोसायटीच्या दृष्टीने देणेकरी सभासद, म्हणजे तुम्ही. भाडेकरूने थकवला तरी पत्र तुमच्याच नावाने निघतं. म्हणून मेंटेनन्स भाड्यात धरून स्वतः भरणं सोपं. त्यात बिन-भोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसला की सोसायटी लावते ते, वाढेल तेही धरा. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि हे १० टक्के महापालिकेचे कर वगळून मोजायचे असतात. एकूण बिलावर १० टक्के लावलेले दिसले तर ऑफिसात जाऊन शांतपणे दाखवून द्या, बहुतेक वेळा ती क्लार्कची सवय असते.

पुण्यात आणखी एक गोष्ट. स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती सवलत तुमची राहत नाही. भाडं ठरवताना वाढलेला कर धरला नाही, तर वर्षाच्या शेवटी एक महिन्याचं भाडं कुठे गेलं ते कळत नाही.

डिपॉझिट पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं घेतात, मुंबईत जास्त. ते खर्च करू नका. वेगळी मुदत ठेव करून ठेवा. डिपॉझिटवरून होणारी निम्मी भांडणं मालकाकडे परत द्यायला पैसे नसतात म्हणून होतात. नुकसानीची यादी मग त्यासाठी तयार केली जाते.

टप्पा ४: माणूस पारखणं

नोकरीचं ओळखपत्र, आधार, पॅन सगळेच मागतात. थोडेच लोक मागच्या घरमालकाला फोन करतात. तो नक्की करा. सध्याच्या घरमालकापेक्षा त्याच्या आधीच्याला विचारलेलं बरं. सध्याच्याला ब्याद टाळायची असेल तर तो गुणच गाईल. दोनच प्रश्न विचारा: भाडं कितव्या तारखेला यायचं? जाताना घर कसं होतं?

राहणार कोण, हे नावानिशी विचारा. दोघं सांगून पाच जण येतात तेव्हा पाण्याचा टँकर आणि लिफ्टवरून सोसायटीत कुरबुर सुरू होते आणि ती तुमच्या दारात येते.

जात, धर्म, आहार, लग्न झालंय की नाही, यावरून माणसं गाळणारे घरमालक मी बरेच पाहिलेत. माझ्या फ्लॅटमध्ये तीन बॅचलर मुलगे दोन वर्षं राहिले. जाताना त्यांनी गॅसची शेगडी घासून दिली होती. त्यानंतर आलेल्या "चांगल्या कुटुंबाने" किचनच्या ओट्याखाली झुरळांचं संस्थान सोडलं.

सावधान: टोकन घेतलंत तर त्याच दिवशी मेसेजवर लिहा, किती घेतलं, कोणत्या तारखेपर्यंत करार व्हायचा, आणि एकाने माघार घेतली तर टोकनचं काय. टोकन म्हणजे किल्ली नव्हे. "फक्त सामान ठेवतो, राहायला नंतर येतो" यालाही नाहीच म्हणा.

टप्पा ५: कराराचा मसुदा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. एजंट जो मसुदा पाठवतो तो पन्नास घरांना वापरलेला असतो. आमच्या इमारतीतल्या एका करारात "सोबतच्या विहिरीच्या वापराचा हक्क" होता. इमारत सात मजली.

महाराष्ट्रात राहण्याच्या घरासाठी आपण करतो तो करार लिव्ह अँड लायसन्सचा असतो. म्हणजे घराचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, समोरच्याला ठरावीक मुदतीसाठी वापराची परवानगी मिळते. हे वाक्य मसुद्यात स्पष्ट असलं पाहिजे. मुदत ६० महिन्यांपर्यंत ठेवता येते. नवख्याने पहिला करार ११ महिन्यांचाच करावा. माणूस चांगला निघाला तर पुढचा २२ किंवा ३३ महिन्यांचा करा आणि दर ११ महिन्यांनी किती वाढ हे त्यातच लिहून टाका, म्हणजे दर वर्षी नोंदणीचा खर्च आणि घासाघीस वाचते.

११ महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही, असं अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात. चूक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, करार नोंदवलेला नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं आणि ते खोटं ठरवणं तुमच्यावर येतं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेला कागद इथे उपयोगी पडत नाही.

मसुद्यात या गोष्टी शोधा, नसतील तर घालायला सांगा:

भाडं कितव्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खात्यात. रोख नकोच.

लॉक-इन, म्हणजे करार मध्येच मोडता येत नाही तो काळ, किती महिने आणि ते दोघांना लागू आहे का. "मालकास लागू नाही" असं लिहिलेलं असेल तर समजूतदार भाडेकरू सही करणार नाही, आणि करूही नये.

नोटीस एक महिन्याची, लेखी, आणि लेखी म्हणजे ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालेल का हेही.

दुरुस्ती कोणाची. आमच्याकडे चालतं ते असं: नळाचा वॉशर, बल्ब, तुंबलेलं सिंक भाडेकरूचं, भिंतीतली पाइपलाइन, वायरिंग, गळती, जुना झाल्याने बंद पडलेला गीझर मालकाचा. एक रक्कम ठरवा, उदाहरणार्थ एका वेळी १,००० रुपयांपर्यंत भाडेकरू, वर मालक.

रंगकाम. वादाचं माहेरघर! "सोडताना रंगापोटी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल" हा रिवाज पुष्कळ ठिकाणी आहे. ठेवायचा असेल तर आधीच लिहा आणि तोंडीही सांगा. तीन वर्षं राहून गेलेल्या माणसाकडून रंगाचे पैसे कापायला माझं मन होत नाही. भिंतीचा रंग तीन वर्षांत उतरतोच.

पोटभाडेकरू ठेवणार नाही, घराचा पत्ता कंपनी नोंदणीला किंवा जीएसटीला वापरणार नाही. हे दुसरं कलम एजंटच्या मसुद्यात नसतं. नंतर तुमच्या दारावर कुठल्यातरी एंटरप्रायझेसच्या नावाने टपाल यायला लागतं.

वस्तूंची यादी परिशिष्ट म्हणून, संख्येसह. "पंखे" असं नाही, "छताचे पंखे ४, चालू".

तपासा: मसुद्यातला फ्लॅट क्रमांक, विंग, मजला, क्षेत्रफळ इंडेक्स टूशी अक्षर न अक्षर ताडून बघा. सुरुवातीची तारीख नोंदणीच्या दिवसाची किंवा पुढची असू द्या.

टप्पा ६: नोंदणी

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन पोर्टलवर हे घरी बसून होतं. दुय्यम निबंधकाकडे जावं लागत नाही. स्वतः करायचं असेल तर अंगठ्याचं यंत्र आणि वेबकॅम लागतो. बहुतेक जण एजंट घरी बोलावतात, तेही ठीक.

मुद्रांक शुल्क सोपं आहे. पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न करायची रक्कम असेल तर ती, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी काढलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. भाडं २२,०००, डिपॉझिट ६६,०००, मुदत ११ महिने असेल तर भाडं २,४२,००० आणि व्याज ६,०५०, एकूण २,४८,०५०. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ६२० रुपयांच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणीचं शुल्क आणि एजंटची मजुरी वेगळी. एजंट एकच गोळाबेरीज आकडा सांगतो. सरकारी चलनाची प्रत मागा, फोड आपोआप कळते.

क्रम असा:

१. पोर्टलवर मालमत्ता, दोन्ही पक्ष, भाडं, डिपॉझिट, मुदत भरली जाते. इथे एजंटला मसुद्याची पीडीएफ मागून पुन्हा एकदा वाचा.

२. मुद्रांक आणि फीचं चलन ऑनलाइन भरलं जातं.

३. मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांचे फोटो आणि अंगठे. दोन्ही पक्ष एकाच वेळी एका ठिकाणी असण्याची गरज नाही, एजंट दोन्हीकडे जाऊन घेतो.

४. दस्त दुय्यम निबंधकाकडे ऑनलाइन सादर होतो. चूक असेल तर तिथून परत येतो.

५. मंजूर झाल्यावर नोंदणी क्रमांकासह करार आणि इंडेक्स टू मिळतो.

तिसऱ्या पायरीवर आमच्या घरी तासभर गेला होता. फ्लॅटमध्ये आईचं नाव आहे. तिचं वय ७८, आयुष्यभर भांडी आणि भाकऱ्या केलेले हात, अंगठ्याच्या रेषा जवळपास पुसलेल्या. यंत्र दर वेळी लाल. एजंटच्या पोराने ओल्या फडक्याने बोट पुसलं, खोबरेल लावलं, पुन्हा पुसलं, एकेक करून सगळी बोटं लावून पाहिली. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला. घरात ज्येष्ठ मालक असतील तर हे काम सकाळी ठेवा आणि आधीच आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने नोंदवून आणा.

सावधान: दस्त "सादर केला" म्हणजे नोंदणी झाली असं नाही. पाचवी पायरी होऊन इंडेक्स टू हातात पडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ७: पोलिस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं घरमालकाचं काम आहे. पुणे, मुंबईसारख्या शहरांत ती ऑनलाइन भरता येते. भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, कामाचं ठिकाण आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांचे नंबर लागतात. पोलिस आयुक्तांचा याबाबतचा आदेश मोडला तर गुन्हा घरमालकावर दाखल होतो. परदेशी नागरिकाला घर देणार असाल तर तो आल्यापासून २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणीच्या पोर्टलवर वेगळी माहिती द्यावी लागते.

सोसायटीला नोंदणीकृत कराराची प्रत, पोलिस नोंदीची पावती आणि राहणाऱ्यांची नावं द्या. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, लेखी कळवावं मात्र लागतं. एनओसीसाठी "देणगी" मागितली तर पावती मागा. पार्किंगचं आताच विचारून घ्या. तुमच्या जागेवर भाडेकरूची गाडी लागू शकते, त्याच्या पाहुण्यांची नाही.

टप्पा ८: किल्ली

आता. करार नोंदवलेला, डिपॉझिट पूर्ण खात्यात, पहिल्या महिन्याचं भाडं खात्यात, पोलिस नोंद झालेली. यातलं एक जरी राहिलं असेल तरी टेम्पो थांबू द्या. चेक दिला असेल तर तो वटेपर्यंत थांबा.

किल्ली देताना दिवसाउजेडी, दोघांनी मिळून, घर रिकामं असताना फिरा. मोबाइलवर एकच सलग व्हिडिओ काढा. मुख्य दारापासून सुरू करा, प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, फरशीवरचे जुने टवके, ओट्याची कड, बाथरूमच्या फरशा, कपाटांच्या आतली बाजू घ्या. जे आधीच तुटलंय ते तोंडाने बोलत दाखवा. "ही फरशी आधीपासून तडकलेली आहे" असं मालकाने स्वतःच म्हटलेलं ऐकलं की भाडेकरू सैलावतो, आणि उरलेलं सगळं चांगलं होतं हेही त्याच व्हिडिओत नोंदलं जातं. तो व्हिडिओ तिथेच उभं राहून त्याला पाठवा.

वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, मीटर क्रमांकासकट. पाइप गॅस असेल तर त्याचाही. बिल तुमच्याच नावावर राहील, मोबाइल नंबरही तुमचाच ठेवा, म्हणजे थकबाकी झाली तर आधी तुम्हाला कळेल. महावितरण वर्षातून एकदा सरासरी वापरावरून सुरक्षा ठेवीची जादा मागणी वेगळी पाठवतं. भाडेकरूने एसी लावला की ती वाढते. ती ठेव तुमच्या नावावर जमा राहते, म्हणून ती तुम्ही भरायची. हे माहीत नसल्याने दर उन्हाळ्यात एकतरी भांडण होतं.

किती किल्ल्या दिल्या ते यादीत लिहा. एक संच तुमच्याकडे ठेवलात तर तसं सांगून ठेवा, आणि तो वापरून न सांगता घरात शिरू नका. फ्लॅट तुमचा असला तरी आता घर त्याचं आहे.

टप्पा ९: मधले महिने

भाडं उशिरा आलं तर दुसऱ्याच दिवशी एक साधा मेसेज टाका. पहिल्या तीन महिन्यांत तुम्ही काय चालवून घेता, तीच तारीख पुढे पक्की होते. दुरुस्तीचा फोन आला तर दोन दिवसांत माणूस पाठवा. गळतीत तर त्याच दिवशी, नाहीतर खालच्या फ्लॅटचं छतही तुमच्या खर्चात येतं.

भाड्याचं उत्पन्न आयकर विवरणात दाखवायचं असतं. भाडेकरूचं भाडं वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की तो कंपनीत घरभाडे भत्त्यासाठी तुमचा पॅन देतो, त्यामुळे लपत काही नाही. हिशेब असा: वर्षाचं भाडं २,६४,०००, तुम्ही प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर १४,०००, उरले २,५०,०००. त्यातून सरसकट ३० टक्के म्हणजे ७५,००० वजा, करपात्र १,७५,०००. रंगाची, प्लंबरची बिलं वेगळी वजा होत नाहीत, ती या ३० टक्क्यांतच आली.

महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर पगारदार भाडेकरूनेही २ टक्के कर कापून भरायचा असतो. तुम्ही स्वतः अनिवासी भारतीय असाल तर भाडं कितीही असो, भाडेकरूला कर कापावा लागतो, तोही उपकरासह ३१.२ टक्के, आणि भाडं तुमच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं रुपयांतलं खातं) यायला हवं. दुबई किंवा न्यू जर्सीत बसून पुण्याचा फ्लॅट देणाऱ्यांनी हे भाडेकरूला घर दाखवतानाच सांगावं. नंतर सांगितलं तर त्याला ती फसवणूक वाटते.

टप्पा १०: मुदत संपताना

मुदत संपायच्या दोन महिने आधीची तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा. त्या दिवशी विचारा: राहणार की जाणार? राहणार असेल तर मुदत संपण्याआधीच नवा करार, नवी नोंदणी, नवी पोलिस नोंद. "वाढवलं आहे" असा मेसेज म्हणजे करार नव्हे. कराराविना पुढचे आठ-दहा महिने भाडं घेत राहणं ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण टप्पा ५ मधलं सगळं संरक्षण तिथे विरळ होतं.

मुदत संपूनही घर सोडलं नाही तर पाणी किंवा वीज तोडू नका. तो गुन्हा आहे. कुलूप बदलू नका, सामान बाहेर काढू नका, सोसायटीच्या वॉचमनला मध्ये घालू नका. आधी लेखी नोटीस, मग भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज. नोंदणीकृत करारातला मजकूर तिथे निर्णायक पुरावा धरला जातो आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. या काळात त्याने खात्यात पैसे टाकले तर ते नवं भाडं म्हणून स्वीकारलेलं नाही, असं वकिलाच्या सल्ल्याने लगेच लेखी कळवा.

सरळ जाणाऱ्या भाडेकरूच्या बाबतीत सामान हलल्यावर, म्हणजे घर पुन्हा रिकामं असताना, जुना व्हिडिओ लावून खोलीखोलीत फिरा. भिंतीवरचे पाच-सहा खिळे, फिका रंग, झिजलेला नळ ही वापराची झीज, तिचे पैसे कापू नका. तुटलेली काच, जळालेला ओटा, गायब झालेला पंखा हे नुकसान, त्याची बिलं दाखवून कापा. मीटरचा फोटो काढा, शेवटचं बिल अंदाजाने धरून तेवढेच पैसे थांबवा, उरलेलं डिपॉझिट त्याच दिवशी बँकेतून परत करा. "घर रिकामं करून मिळालं, डिपॉझिटचा हिशेब पूर्ण" अशी दोघांची सही असलेली एक ओळ घ्या. थांबवलेल्या बिलाची रक्कम बिल आल्याबरोबर चुकती करा आणि त्याची प्रत पाठवा.

किल्ल्या यादीप्रमाणे मोजून घ्या. कामवाल्या बाईंकडे दिलेली एक हमखास राहते. सोसायटीच्या ऑफिसातून त्याच्या गाडीचं स्टिकर आणि गेटच्या ॲपवरची नावं काढून टाका, आणि पुढचं कुटुंब घर बघायला येण्याआधी मुख्य दाराच्या लॅचचा सिलिंडर बदलून घ्या.